मदत हवी आहे: जपानी जिन कशातून घ्यावी?

नमस्कार मंडळी. क्योतोहून येताना ‘कि नो बी’ आणली. २०१६ साली सुरू झालेल्या क्योतो डिस्टिलरीची ही जिन. तांदळाचं स्पिरिट, त्यात युझू (जपानी लिंबू), हिनोकी झाडाचं लाकूड, ग्योकुरो चहा, सान्शो मिरी. अशा सुगंधी घटकांचे सहा गट वेगवेगळे गाळून मग एकत्र करतात. बूच काढलं की आधी ईडलिंबाच्या सालीसारखा वास, मागून ओल्या लाकडाचा. फारच सुंदर! पण टॉनिक ओतलं की सगळं कडवटपणात बुडतं, जीव हळहळतो. सोडा आणि आल्याची चकती त्यातल्या त्यात बरी वाटली. कोणी गरम पाण्यातून घेतली आहे का? प्रमाण किती ठेवता? आणि सन्टोरी कंपनीची ‘रोकू’ जिन टॉनिकमध्ये टिकते का? तिच्यात साकुराची (जपानी चेरीची) फुलं-पानंही असतात. भावाच्या पन्नाशीला द्यायची आहे, तेव्हा अनुभव असेल तर नक्की सांगा.