कागदावरचे मायलेज आणि रस्त्यावरचे मायलेज

प्रश्न: नवी पेट्रोल गाडी घेऊन चार महिने झाले. माहितीपत्रकात लिटरला २२ किलोमीटर छापले आहे. पण कोथरूड ते हिंजवडी या रोजच्या प्रवासात डॅशबोर्डवरचा आकडा १७ च्या पुढे सरकत नाही. गाडीत दोष समजावा काय?

उत्तर १: बहुधा दोष नसावा. छापील आकडा प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून, ११८० सेकंदांच्या ठरावीक चक्रात आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि चांदणी चौकातली सकाळची रांग तर नसतेच.

उत्तर २: डॅशबोर्डवरही पूर्ण विसंबू नये. टाकी पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरून लिटरने किलोमीटरला भागावे. माझ्या गाडीचे ४१२ किलोमीटरला २६.१ लिटर, म्हणजे १५.८ आले, पडदा मात्र १७ दाखवत होता!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे माझा १७ हासुद्धा तपासावा लागेल. रविवारी टाकी भरून मोजणी सुरू करतो. एसी मात्र बंद ठेवणार नाही.