मदत हवी आहे: काडेन पद्धतीचा एक्स्पान्शन चेंबर बनवला, गाडी ओढतच नाही

रीडवाला: पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा इंजिनिअर वॉल्टर काडेन तिच्या रेसिंग गाड्यांना बनवायचा तसा एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मध्ये फुगीर एक्झॉस्ट पाइप) 1 मिमी पत्र्यात करून घेतला. लांबी सूत्रानेच काढली. कमी आरपीएमला गाडी मेलेली, जास्तला काहीच फरक नाही. कोन (पाइपचे शंकू) चुकलेत का? उद्या वेल्डरकडे जायचंय, लवकर सांगा.

डिग्री_व्हील: गाडी कोणती? एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरचं धूर बाहेर जायचं तोंड) टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना शून्य धरून, किती अंशांवर उघडतो? लांबी किती, कुठून कुठे मोजली?

दोन_टाका: कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं भोक) वाढवा. चेंबर लावला की मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं. बाकी सगळं नंतर.

रीडवाला: यामाहा आरएक्स 100च, दुसरी कुठली असणार? पोर्ट 92 अंशांवर उघडतो. जेट आधीच मोठा घातलाय. 8500 आरपीएम धरून फ्लँजपासून 59 सेमी.

डिग्री_व्हील: कोन राहू द्या, लांबीच चुकली आहे. 92 वर उघडतो म्हणजे पोर्ट 176 अंश उघडा राहतो. पाइपात जाऊन परतणारी दाबाची लहर पोर्ट बंद होताना परत यायला हवी. लांबी मीटरमध्ये = लहरीचा वेग × 176 ÷ (12 × आरपीएम). 59 सेमी यायला वेग सेकंदाला 343 मीटर धरावा लागतो, तो साध्या हवेतला. पाइपातला वायू तापलेला असतो, तिथे साधारण 518 धरतात. उत्तर 89 सेमी येतं. तुमचा पाइप 12,900 आरपीएमच्या आसपास जोर देतोय, तिथवर हे इंजिन जातच नाही. आणि मोजायचं ते पिस्टनच्या कडेपासून, मागच्या उलट्या कोनच्या मध्यापर्यंत.

सायलेन्सर_प्रेमी: काडेन व्ही-1 बॉम्बच्या इंजिनावरून हे शिकला ना?

चोपाऊ: ते सांगोवांगी आहे. दुसऱ्या महायुद्धात तो हेन्शेल कंपनीत हर्बर्ट वाग्नरच्या हाताखाली एचएस 293 या दूरनियंत्रित बॉम्बवर होता, व्ही-1 फीझेलर या दुसऱ्या कंपनीचं. आणि असा पाइप डीकेडब्ल्यू या जर्मन मोटारसायकल कंपनीच्या एरिख वोल्फने आधीच लावला होता. 1953 पासून एमझेडच्या चोपाऊ गावच्या कारखान्यात काडेनने त्याला रोटरी डिस्क (मिश्रण आत घेणारी फिरती चकती) आणि जादा ट्रान्स्फर पोर्टची (मिश्रण सिलिंडरमध्ये नेणारी वाट) जोड दिली, ऑसिलोस्कोपवर लहरी बघून आकार ठरवला. म्हणून 1961 मध्ये 125 सीसीतून 10,800 आरपीएमला 25 एचपी निघाले. त्याच वर्षी एमझेडचा रेसर डेग्नर स्वीडनमधून पळाला आणि सुझुकीकडे गेला. 1962चं 50 सीसी विश्वविजेतेपद सुझुकीकडे.

दोन_टाका: डेग्नर राहू दे. आरएक्सला गिअर चारच. अरुंद आरपीएम पट्ट्यातच जोर देणारा पाइप लावला तर गिअर टाकला की आरपीएम पॉवरबाहेर. स्टॉक (कंपनीचा मूळ) सायलेन्सरच ठेवा.

डिग्री_व्हील: गिअरचं बरोबर, पण त्यावर उपाय स्टॉक नाही, उथळ कोन. पुढचा कोन एकूण 7-8 अंश, मागचा 16च्या आसपास.

रीडवाला: मग हेडरमध्ये (इंजिनाकडची सरळ नळी) 30 सेमीचा तुकडा जोडला तर चालेल?

डिग्री_व्हील: नाही. नुसता हेडर लांबवला की कोन आखूडच राहतात. हेडर आतून 38 मिमी असेल तर 30 सेमीपर्यंत ठेवा, उरलेली लांबी कोनांमध्ये घाला. शेवटची नळी 23 मिमी, 27-28 सेमी लांब. ती बारीक केली तर उष्णता अडकते आणि पिस्टन सीझ होतो.

दोन_टाका: आणि नवा पाइप लावल्यावर पुन्हा मेन जेट दोन साइज मोठा घालूनच सुरुवात करा. फुल थ्रॉटलवरून एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा, प्लग काढून बघा. पांढरा दिसला तर मिश्रण लीन आहे, पुढे पळवू नका.