बेटांवरची वीज: पैसा आधी सौर पॅनेलला की आधी बचतीला?

खारा_वारा (धागाकर्ता):
मुख्य भूमीच्या ग्रिडला न जोडलेल्या छोट्या बेटांवर वीज बहुतेक डिझेलवरच बनते. डिझेल जहाजातून येतं आणि छोट्या जनरेटरमधून लिटरमागे जेमतेम तीन-साडेतीन युनिट निघतात. ही वीज खऱ्या खर्चाने विकली तर कुणालाच परवडणार नाही, म्हणून फरक दुसरं कुणीतरी भरतं. लक्षद्वीपसाठी केंद्राची तिजोरी भरते. ग्रीक बेटांसाठी सगळ्या देशाच्या वीजबिलात आकार लागतो. अलास्कातल्या दुर्गम गावांसाठी 'पॉवर कॉस्ट इक्वलायझेशन' ही वीजबिलाला अनुदान देणारी योजना १९८०च्या दशकापासून चालू आहे.

आता बिलात एवढी सवलत असलेल्या माणसाने खडखडणारा जुना फ्रीज का बदलावा? दाराचं रबर चिरलंय, कॉम्प्रेसर रात्रभर बंद होत नाही, पण त्याच्या खिशाला चाट फारशी बसत नाही. फ्रीज बदलला तर वाचतो तो अनुदान देणाऱ्याचा पैसा. तर मग बदलायचा खर्चही अनुदान देणाऱ्यानेच उचलावा, एवढं साधं म्हणणं आहे. डिझेलच्या अनुदानातलाच काही वाटा आधी फ्रीज, पंखे, पाण्याचे पंप, छताखालचं उष्णतारोधक यांवर घालावा आणि पॅनेल त्यानंतर बसवावेत. रात्री वापरलेलं प्रत्येक युनिट बॅटरीतून काढावं लागतं. ते कमी झालं तर बॅटरीच लहान लागते.

देणगीदारांना मात्र पॅनेलच हवे असतात. उष्णतारोधकाची फीत कुठे कापणार?

फ्यूज_वायर:
असहमत. फीत कापण्यावरून टोमणा ठीक आहे, पण खांब, तारा आणि कर्मचाऱ्यांचे पगार युनिट कमी विकले म्हणून कमी होत नाहीत. विक्री घटली की तोच खर्च उरलेल्या युनिटांवर चढतो. शिवाय डिझेल जनरेटर फार कमी भारावर चालवला की त्यात काजळी धरते. दोनशे घरांची छतं दुरुस्त करायची तर कारागीर बोटीने आणा, त्यांची राहायची सोय करा, एकेका घरमालकाच्या वेळा सांभाळा. पॅनेल कंटेनरमधून येतात आणि एकाच जागी उभे राहतात.

अमेरिकन सामोआतलं ता'ऊ बेट बघा. २०१६ मध्ये १.४ मेगावॉट सौर आणि ६ मेगावॉट-तासांची बॅटरी बसली, डिझेल जवळपास बंद. फ्रीजचं सर्वेक्षण करत कुणी बसलं नाही.

खारा_वारा:
ता'ऊचे पैसे अमेरिकेच्या सरकारी खात्यांकडून आले. प्रत्येक बेटामागे वॉशिंग्टन उभं नसतं हो. काजळीचं म्हणाल, तर ते तुमच्यावरच उलटतं: भर दुपारी सौर वीज आली की जनरेटरचा भार खाली जातोच. मग ती अडचण फक्त बचतीलाच कशी?

फ्यूज_वायर:
बॅटरी पुरेशी असेल तर जनरेटर बंदच करता येतो. बचतीने तो बंद होत नाही, नुसता मंद होतो. स्थिर खर्चाबद्दल मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत.

वही_खतावणी:
दोघेही पहिल्या दिवसाचा हिशेब मांडताय. पहिली बॅटरी देणगीदार देतो. दुसरी कोण देणार? खाऱ्या हवेत इन्व्हर्टरच्या पंख्याला गंज चढला की सुटा भाग पुढच्या बोटीची वाट बघतो, आणि बिलातून घसारा, म्हणजे झिजलेली उपकरणं बदलायचा पैसा, वसूलच केलेला नसेल तर तोवर जुना जनरेटर पुन्हा सुरू होतो. सौर उपकरणांची अशी स्मशानं बऱ्याच बेटांवर आहेत.

म्हणून मला स्कॉटलंडचं एग बेट आवडतं. शंभरेक माणसं. २००८ मध्ये जलविद्युत, वारा आणि सौर मिळून स्वतःचं ग्रिड सुरू केलं. भांडवल बहुतांश अनुदानाचंच, युरोपीय निधी आणि लॉटरीतून आलेलं. पण कंपनी रहिवाशांची, देखभालही बेटावरच्याच माणसांकडे. प्रत्येक घराला ५ किलोवॉटची मर्यादा. किटली, वॉशिंग मशीन आणि हीटर एकदम लावला की वीज जाते, आणि ती परत जोडायला माणूस बोलवावा लागतो, दंड भरावा लागतो. बचत करा म्हणून फलक लावावे लागत नाहीत.

निवांत_नारळ:
म्हणजे गरिबी वाटून घ्या असंच ना? शहरातल्या माणसाला कुणी सांगत नाही की आज हीटर लावलास तर दंड. बेटावर राहायचं तर शिक्षा भोगा!

वही_खतावणी:
पाच किलोवॉट म्हणजे शिक्षा? घरात एका वेळी एवढं लागतं तरी कधी? त्याआधी ते लोक आपापला जनरेटर तासांवर चालवत होते.

जाड_भिंगे:
अनुदान आणि देणगी सोडून तिसरी वाट कुणी काढलीच नाही. बार्बाडोसने १९७४ मध्ये सौर बंबाच्या कच्च्या मालावरची जकात काढली आणि विजेच्या बंबावर कर चढवला. बंब बनवणारे कारखाने बेटावरच उभे राहिले, आणि आज तिथल्या घरांवर सौर बंब ही नवलाई राहिलेली नाही. कुणाची फीत नाही, कुणाचा अहवाल नाही. या धाग्यावर सगळे विजेचंच बोलताय, पाणी तापवायला वीज लागूच नये हा विचार कुणाच्या डोक्यात नाही.

फ्यूज_वायर:
बार्बाडोसवर लाखांनी माणसं आहेत, कारखान्याला गिऱ्हाईक आहे. शंभर-पाचशे वस्तीच्या बेटावर जकातीने काय होणार? पण मुद्दा चांगला आहे, मानतो.

खारा_वारा:
स्थिर खर्चाचं राहिलं होतं. त्यासाठी मला मीटरला चिकटलेलं कर्ज बरं वाटतं. हवाईने २०१४ मध्ये १५ कोटी डॉलरचे रोखे काढून सौर आणि बचतीच्या उपकरणांना कर्ज देणारा निधी उभारला. बँक दारात उभं करत नाही अशांसाठी आणि भाडेकरूंसाठी. सुरुवातीला पैसा बराच पडून राहिला हे खरं. नंतर हप्ता वीजबिलातच घ्यायची सोय झाली. भाडेकरू घर सोडून गेला तर पुढचा येणारा तोच हप्ता भरतो, कारण कर्ज मीटरचं, माणसाचं नाही. वीज कंपनीला हप्त्यातला छोटा वाटा द्या, म्हणजे विक्री घटल्याचं रडगाणं थांबेल.

निवांत_नारळ:
आणि हॉटेलं? बेटावरची बरीच वीज एसीत आणि खारं पाणी गोडं करण्यात जाते. त्यांनाही याच योजनेतून पैसे?

खारा_वारा:
त्यांना एक पैसा नको. फक्त सवलतीचा दर काढून घ्या, आपोआप इन्सुलेशन करतील.

फ्यूज_वायर:
आपोआप स्वतःचे पॅनेल बसवतील आणि ग्रिडला फक्त रात्रीपुरते लटकतील. खांब-तारांचा खर्च मग गरिबाच्या बिलात. हवाईत याच भीतीपोटी २०१५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेली सौर वीज बिलातून वजा करायची सोय, बंद झालं.

वही_खतावणी:
मग जोडणीचं शुल्क युनिटपासून वेगळं करा, आणि मंजूर भाराप्रमाणे घ्या. हॉटेलला दोनशे किलोवॉट मंजूर तर दोनशेचे पैसे, वापरो न वापरो.

फ्यूज_वायर:
ठीक. फक्त ते शुल्क ठरवणाऱ्या समितीत हॉटेलवाला बसलेला नसला म्हणजे झालं.