बीडीडीच्या सोडतीत शेजार मोडला की भिंत मोडली?

डिलाईलरोडची

मंडळी, थोडी मदत हवी आहे. एम.ए. भूगोलाचा प्रबंध लिहितेय. विषय आहे वरळीच्या बीडीडी चाळींतून टॉवरमध्ये गेलेल्या घरांचा शेजार. मी स्वतः ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडीतली, त्यामुळे चाळ म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको. अडचण वेगळी आहे.

मुंबईबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी 207 चाळी बांधल्या. वरळीत 121, नायगावला 42, आमच्याकडे 32, शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, खोली 160 चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. आता म्हाडा, म्हणजे राज्य सरकारचं गृहनिर्माण मंडळ, पुनर्विकास करतेय. शिवडी त्यात नाही, कारण ती जमीन पोर्ट ट्रस्टची. 160 च्या जागी 500 चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या. इमारत 40 मजली.

तर अडचण. एकच बाई आधी म्हणते, 'चाळीची मजा इथे नाही गं.' चहा झाला की तीच म्हणते, 'मेले तरी त्या संडासाच्या रांगेत परत उभी राहणार नाही.' आता मी काय लिहू? एका घरी गेले तर मुख्य दार सताड उघडं, जाळीचं लावलेलं, आणि आतल्या बाजूला मावशी लसूण सोलत बसलेल्या. दार का उघडं ठेवता विचारलं, तर म्हणाल्या, 'कोण आलं-गेलं कळायला नको?' समोरच्या घराचं आडनाव मात्र त्यांना सांगता येईना. कुणाला कुठलं घर ते सोडतीने ठरलं. त्यांची जुनी शेजारीण त्याच इमारतीत आहे, पण कितीतरी मजले वर, आणि मावशींना लिफ्टची भीती वाटते.

आमच्या मॅडम म्हणतात, 'उंच इमारतीच्या रचनेमुळे आपलेपणा कमी झाला' असं सरळ लिहून टाक, आधार हवे तेवढे मिळतील. मला ते लिहवत नाही. रचना नक्की काय करते आणि किती करते? कुणी यावर काम केलंय, किंवा अशा घरात राहिलंय?

जांबोरीकाका

पोरी, पहिलं काम कर. 'चाळीतली ती गॅलरी' असं काही लिहिलं असशील तर खोडून टाक. गिरगावातल्या चाळी बघून लोक आमच्याबद्दल लिहितात. बीडीडीला कसली गॅलरी? मधून बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, भर दुपारी दिवा लावायचा. ज्याच्या-त्याच्या दाराशी पाण्याचं पिंप, त्यामुळे दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. त्यातून ओळख वाढायची, तशी भांडणंही वाढायची. पिंपावरून झालेली भांडणं चार-चार वर्षं चालत. वरच्या मजल्याला पाणी चढलं नाही की सगळा मजला एक, पाणी आलं की पुन्हा आपापले.

दुसरं, जे कुणी तुला चहासोबत सांगणार नाही. कोण कुठल्या चाळीतला हे नंबरावरून कळायचं. बौद्धांच्या चाळी ठरलेल्या, कोकणातल्या मराठ्यांच्या ठरलेल्या. नियम म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होतं. 1974 च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली, दलित पँथर आणि शिवसेना. मी शाळेत होतो. आमच्या अन् समोरच्या चाळीत रस्ता केवढा? पण पुढे कितीतरी महिने आई तिकडच्या दुकानात मीठ आणायलाही पाठवत नव्हती. तुझा तो आपलेपणा होता, नाही कोण म्हणतो? तो रस्त्यापर्यंत होता.

आता गंमत बघ. सोडतीत माझ्या भिंतीला भिंत लागून जे घर आलंय, ते त्याच समोरच्या चाळीतलं. माझा जुना शेजार गेला हे खरं, वाईटही वाटतं. पण मुलगा आणि त्यांचा मुलगा परवा मिळून मोटर बसवत होते. हे तू कुठल्या रकान्यात घालणार?

तिसरामजला

काकांनी मुद्द्यालाच हात घातला. मी नगररचनेत काम करतो, त्या अंगाने भर घालतो.

मॅडम म्हणतात ते आधार खरंच आहेत. सगळ्यात जुन्यांपैकी एक 1950 चा. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं. दारं जवळ तर मैत्री जास्त, आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी. हे सगळीकडे सांगितलं जातं. एक गोष्ट मात्र हळूच गाळली जाते. तिथे राहणारे बहुतेक सगळे एकाच वयाचे, युद्धावरून परतलेले, इंजिनिअरिंग शिकणारे. सारख्यांना जवळ बसवलं की मैत्री होते, यात नवल नाही. जात, भाडं, आडनाव वेगळं असताना तोच जिना काय करतो, हा तुझा प्रश्न. म्हणून वरळी इतकी मोलाची आहे. रचना माणसांची गाठ घालून देते. गाठ पडल्यावर काय होतं ते इमारतीच्या हातात नाही.

उलट रचना माणसाला नक्की मारू शकते. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड बघ. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेल्यांना तिथे 225 चौरस फुटांची घरं दिली. तळमजला अधिक सात, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या घरांत ऊन नाही, वारा नाही. डॉक्टर्स फॉर यू ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने क्षयरोगाचा संबंध याच अंधाऱ्या मजल्यांशी दाखवला. तिथल्यांना आपलेपणाविषयी विचारायला जाणाऱ्या संशोधकांचा मला राग येतो, खरं सांगू? आधी ऊन मोजा.

तुझ्या प्रबंधात म्हणून 'चाळ विरुद्ध टॉवर' नको. बीडीडीतल्यांना त्याच जागेवर घर मिळालं. मुलांची शाळा तीच, मार्केट तेच, मैदान तेच. गोवंडीतल्यांचं हे सगळं सुटलं. मजल्यांच्या संख्येपेक्षा हा फरक मोठा आहे.

लिफ्टचं_बिल

सगळे विद्वान बोलून घ्या. बारा वर्षं देखभाल फुकट आहे म्हणून आज सगळे खूश. तेराव्या वर्षी 40 मजल्यांच्या लिफ्टचं, पंपाचं, रंगाचं बिल आलं की कोण आपलं आणि कोण परकं ते सोसायटीच्या थकबाकीच्या फळ्यावर लावलेलं असेल. त्या फळ्यावर एक प्रकरण ठेव.

क्लेमेंटीकर

सिंगापूरहून. आम्ही एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथे काकांच्या सोडतीसारखी गोष्ट मुद्दाम करतात. 1989 पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये आणि परिसरात चिनी, मलाय, भारतीय व इतर यांचा कोटा ठरलेला आहे. एका वंशाची वस्ती होऊ द्यायची नाही. शिवाय जुन्या ब्लॉकचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब. आमच्या खाली एका आठवड्यात मलाय लग्न झालं, पुढच्या आठवड्यात चिनी मयताचा मांडव. तळमजल्यावर दुकानं किंवा पार्किंग असतं तर दोन्ही कुणाला दिसलं नसतं.

पण त्याची किंमत अल्पसंख्याक मोजतात. ब्लॉकचा चिनी कोटा भरला की भारतीयाला घर चिन्यांना विकता येत नाही, म्हणजे गिऱ्हाईक कमी, भाव कमी. तक्रारी इतक्या झाल्या की ज्यांची विक्री अडली, त्यांची घरं मंडळाने विकत घ्यायची सोय 2022 मध्ये करावी लागली. मिसळण फुकट होत नाही. तिचा खर्च कोणावर पडला, तेवढं विचार.

आंबोलीघाट

एक गट सगळेच विसरलेत. ज्यांची सोडतच निघाली नाही. आमच्या गावच्या मंडळाची गिरणगावात एक खोली होती. गावाकडून आलेला कुठलाही पोरगा नोकरी लागेपर्यंत तिथे वळकटी टाकायचा, जेवण खानावळीत. कोण पाळीवरून आला की दुसरा उठायचा, त्याच जागेवर हा झोपायचा. अशा खोल्या गिरणगावभर होत्या. भाडेपावतीवर नाव एकाचं, संसार पंधरा जणांचा. पुनर्विकासात पात्र ठरतो तो पावतीवाला. पोटभाडेकरू, खाटेवर राहणारे, बोळात झोपणारे हे कुठल्याच यादीत नाहीत, म्हणून तुझ्या मुलाखतींतही नाहीत. 500 चौरस फुटांत आता गावचा पोरगा ठेवता येतो का, विचार बघू कुणाला.

डिलाईलरोडची

सगळ्यांचे आभार. आंबोलीघाट, हे बरोबर वर्मावर लागलं. माझी नमुना-यादी म्हाडाच्या पात्रता यादीवरूनच घेतली आहे. खानावळवाल्या मावशींचा पत्ता काढते, त्यांच्याकडे कोण कुठे गेलं याची खबर असणार.

मॅडमना आजच लिहिलं की मथळ्यातला 'आपलेपणा' हा शब्द मी काढतेय. त्याऐवजी प्रत्येक घराला साध्या गोष्टी विचारणार. गावी जाताना चावी कोणाकडे ठेवता, रात्री कुणाला घाबरंघुबरं झालं तर पहिलं दार कोणाचं वाजवता, आणि तो माणूस जुन्या कुठल्या नंबरच्या चाळीतला. शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतील, पण मजल्याच्या नकाशावर तेवढंच मांडलं तरी शेजार मोडला की भिंत, ते दिसेल. लिफ्टचं_बिल, तुमचा फळाही येतोय.

जांबोरीकाका, तुमच्याकडे रविवारी येऊ का? शेजारच्यांनाही विचारून ठेवाल?

जांबोरीकाका

ये. चारनंतर ये, आधी आमची ही झोपते. शेजारच्यांना विचारलं, ते म्हणतात बोलू, पण 74 चं त्यांच्या आईसमोर काढायचं नाही. तिच्याशी वेगळं बोल, ती स्वतःच काढेल.