प्रदर्शनात मॉडेल मांडायचं आणि गळतीवर बोलायचं नाही?

रोखठोक: परवा इथे एकाने सान्तियागो कालात्रावा या स्पॅनिश आर्किटेक्टच्या मॉडेल, शिल्पं, चित्रांच्या प्रदर्शनावर भरभरून लिहिलं आणि शेवटी ठोकून दिलं की त्याच्या इमारतींचा खर्च नि गळती काढणाऱ्यांना कला कळत नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय. २०१३च्या डिसेंबरात व्हॅटिकनमध्ये त्याचं असं प्रदर्शन चालू होतं. त्याच महिन्यात व्हॅलेन्सियातल्या त्याच्या ऑपेरा हाऊसच्या छपराचे पांढरे टाइलचे तुकडे वाऱ्याने खाली आले. २००५ची इमारत! मॉडेलशेजारी इमारतीचा आजचा फोटोही लावा, एवढंच म्हणणं आहे.

छिन्नी: शिल्प आधी शिल्प म्हणून बघा हो. मी दगडात काम करतो. त्याचं एक शिल्प घ्या: एकावर एक ठोकळे, प्रत्येक जरासा वळवलेला, तारांनी ताणून धरलेले. तो तोल साधणं किती अवघड आहे ते मला विचारा. त्यातूनच स्वीडनमधल्या माल्मोचा टर्निंग टॉर्सो हा टॉवर आला. १९० मीटर उंची, तळापासून माथ्यापर्यंत ९० अंशांचा पीळ, आणि लोक राहतात त्यात.

जर्सीकर: मी रोज न्यू जर्सीहून पाथ ट्रेनने न्यू यॉर्कला येऊन ऑक्युलसमधून, म्हणजे त्यानेच केलेल्या स्टेशनातून, ऑफिसला जाते. खर्च चार अब्ज डॉलरच्या घरात गेला, मान्य. पण त्या पांढऱ्या फासळ्यांमधून ऊन खाली उतरतं तेव्हा घाईतला माणूसही मान वर करतो.

पायरी: मान वर करून चालायचं, आणि खाली? व्हेनिसमधल्या त्याच्या पुलाला काचेच्या पायऱ्या केल्या, लोक घसरले. शेवटी पालिकेने काच काढून दगड बसवायचं ठरवलं. आमच्या सोसायटीतही तेच. आर्किटेक्टने हट्टाने लॉबीत मिरर पॉलिशचा ग्रॅनाइट टाकला. पहिल्याच पावसात सासूबाई घसरल्या, खुबा मोडला.

छिन्नी: तुमची लॉबी कालात्रावाने केली का?

पायरी: खुबा तुमच्या आईचा मोडला असता तर हा प्रश्न सुचला नसता.

कोटा_शहाबाद: ताई, दोष पॉलिशचा आहे. तोच ग्रॅनाइट फ्लेम करून, म्हणजे ज्योतीने भाजून खरबरीत करून घेतला असता तर पाय धरला असता. आमच्या वाड्यात शहाबादी होती, ओल्या पायांनी पळायचो.

पायरी: कमिटीला तीन वेळा लिहून दिलं. 'लूक जाईल' म्हणाले. दारात नुसतं पायपुसणं टाकलंय.

जर्सीकर: विषय प्रदर्शनाचा होता ना?

रोखठोक: विषय हाच आहे. मॉडेलवर कुणी चालत नाही, त्याच्यावर पाऊस पडत नाही.

छिन्नी: बरं, लावा फोटो. पण मग माल्मोचाही लावा, नुसते पडलेल्या टाइल्सचे नकोत.

रोखठोक: लावा की. व्हेनिसचं बिलही लावा. त्या पुलाच्या वाढलेल्या खर्चापायी २०१९मध्ये इटलीच्या लेखा न्यायालयाने त्याला ७८ हजार युरो भरायला लावले.

पायरी: आमच्या आर्किटेक्टला कुणी काय भरायला लावलं?