मदत हवी आहे : हतनूर धरणावर जमते ती पक्षी-मोजणी ठाणे खाडीवर कशी करायची?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला आम्ही पाच-सहा जण ठाणे खाडीवर जाणार आहोत. हतनूरच्या बॅकवॉटरला पाणी दिवसभर जागेवर असतं. सकाळी एका कडेने सुरुवात केली की झालं. खाडीवर भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं? पूर्व काठावरची ऐरोली बरी की पश्चिमेचं भांडुप? स्टिंटचे (चिखलातले चिमुकले पाणपक्षी) थवे कसे मोजायचे?

खाजणकर
भाऊ, आधी तिथी बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. कोकणातला ठोकताळा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हा अंदाज झाला, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा. खाडीत आत पाणी त्याहून उशिरा चढतं.

ओहोटीला मोजू नका. पक्षी लांबवर चिखलात विखुरतात, स्कोपमध्येही (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) नुसते ठिपके दिसतात. भरतीआधीचे दोन तास धरा. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते तसे पक्षी काठाकडे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र चिखल पूर्ण बुडतो आणि सगळे उठून मिठागरं, तळी गाठतात. म्हणून माझं मत द्वादशीच्या बाजूने. सकाळी ऐरोलीला थांबा, ऊन पाठीशी राहतं. भांडुपहून त्याच वेळी सूर्य डोळ्यात येतो, तिकडे दुपारनंतर.

चिखलात पाय घालू नका, हतनूरची गाळपेर (पाणी ओसरल्यावर पेरतात ती जमीन) नव्हे ती. बोटीतून फ्लेमिंगो छान दिसतील, पण हलत्या बोटीत स्कोप निरुपयोगी.

शेकाट्या
थव्यासाठी : आधी ५० पक्षी एकेक करून मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा, तेवढे ठोकळे थव्यावर बसवत जा. दाट थव्यात आकडा बहुधा कमीच निघतो, म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजून मग ताडून पाहा. थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा, नाहीतर पुढच्या ठिकाणची टीम तोच पुन्हा मोजते.

लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवे. पण पाय चिखलाने माखले की हे लक्षण फसतं. मग पाठ बघा, टेमिंक्सची सपाट करडी-तपकिरी असते. त्यांच्यासारखाच चिखलातला कर्ल्यू सँडपायपर उडताना पांढऱ्या कमरेवरून कळतो. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी स्टिंट’ लिहून आकडा द्या, तेही चालतं.

तापीकाठ (भुसावळ)
तिथीचं डोक्यात बसलं. स्कोप एकच आहे, तो ऐरोलीलाच ठेवू ना?

खाजणकर
हो. भांडुपच्या तळ्यांवर पक्षी जवळ असतात, तिथे ८×४२ दुर्बीण पुरते.