मदत हवी आहे : जर्किन सापडलं, माणूस नाही. पुन्हा शोध कसा घ्यावा?

माझा मावसभाऊ तीन वर्षांपूर्वी दोन मित्रांबरोबर डोंगरातल्या जंगलवाटेने चालायला गेला होता. दुपारी तीनच्या सुमारास एका वळणावर "तुम्ही व्हा पुढे, आलोच मी" म्हणून लघवीसाठी झाडीत शिरला. मित्र पुढच्या ओढ्याशी थांबले. अर्ध्या तासाने उलटे आले, हाका मारमारून घसे बसले, पण ओ आली नाही. त्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि पहाटे कडाक्याचा गारठा. अकरा दिवस शोध चालला. माणसं, कुत्री, दोन दिवस हेलिकॉप्टर. नवव्या दिवशी वाटेपासून दीडेक किलोमीटरवर, तो तिकडे जाईल असं कुणाच्या मनातही नव्हतं त्या अंगाला, त्याचं जर्किन आणि एक बूट सापडला. जर्किनची चेन पूर्ण उघडी, एक बाही उलटी झालेली. त्यापुढे आजतागायत काही नाही.

मावशीला नातेवाईक सतत व्हिडिओ पाठवतात. जंगलांतून माणसं गूढरीत्या नाहीशी होतात, कुत्र्यांना वास लागत नाही, लगेच हवा बिघडते, कपडे काढून ठेवलेले सापडतात, असं त्यात सांगतात. हे सगळंच आमच्या बाबतीत जुळतं, त्यामुळे तिचा त्यावर विश्वास बसत चाललाय. ती एकच विचारते, "एवढ्या थंडीत कुणी जर्किन काढतं का रे? त्याला कुणीतरी नेलंय." तिच्यासमोर मी गप्प बसतो आणि त्याचा मला फार त्रास होतो.

म्हणून वाचायला लागलो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये १४ जून १९६९ला डेनिस मार्टिन हा सहा वर्षांचा मुलगा मोठ्यांची गंमत करायला झुडपाआड लपला, तो पुन्हा दिसलाच नाही. त्याही रात्री जोराचा पाऊस होता. सुमारे १,४०० माणसं शोधात उतरली आणि इतक्या पावलांखाली खुणाच तुडवल्या गेल्या असतील, असं पुढे बोललं गेलं. जेराल्डीन लार्गे यांचं वाचून तर मी दोन दिवस नीट जेवलो नाही. ६६ वर्षांच्या या बाई जुलै २०१३मध्ये मेन राज्यात अ‍ॅपलेशियन ट्रेलवरून लघवीसाठीच बाजूला झाल्या आणि वाट हरवली. रेंज नसल्याने मेसेज गेले नाहीत. त्यांच्या वहीवरून कळतं की त्या किमान २६ दिवस जिवंत होत्या. ऑक्टोबर २०१५मध्ये अवशेष मिळाले, ते वाटेपासून तीन किलोमीटरच्या आतच. म्हणजे माणूस इतका जवळ असूनही दिसत नाही, हे आता मला पटलंय.

आमच्याकडे म्हणतात, त्याला चकवा लागला. त्याचंही उत्तर सापडलं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले की गोल फिरू लागले, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. आमच्या त्या दुपारी आभाळ भरलेलंच होतं.

आता माझे प्रश्न. उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जण परवानगी काढून पुन्हा जायचं म्हणतोय. शोधपथकात काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा, सुरुवात वाटेवरून करायची की जर्किनच्या जागेवरून? जो भाग आधी पालथा घातलाय, तो सोडून द्यायचा का? आणि जर्किनचं काय? मावशीला खरं काय ते सांगायचंय, पण आधी ते मला कळायला हवं. कृपया गूढ तर्क नकोत.

प्रतिसाद :

बरीच वर्षं शोधपथकात होतो. आधी जर्किनबद्दल, कारण मावशींचा प्रश्न तोच आहे आणि त्याला उत्तर आहे. शरीर फार थंड पडलं की कातडीकडचा रक्तप्रवाह रोखून धरणाऱ्या रक्तवाहिन्या शेवटी थकतात आणि सैलावतात, असं मानतात. एकदम ऊब बाहेर येते, माणसाला आग झाल्यासारखं वाटतं, मेंदूही तेव्हा धड चालत नसतो, आणि तो कपडे ओढून काढतो. थंडीने दगावलेल्यांत हे पुष्कळदा दिसतं. उलटी बाही हे दुसऱ्या कुणी जर्किन काढल्याचं लक्षण समजू नका, घाईने ओढलं की अशीच होते.

आता जे लिहितोय ते वाचायला जड जाईल. त्या अवस्थेत माणूस पुष्कळदा अरुंद जागेत शिरतो. खडकाची कपार, पडलेलं झाड, दाट झुडूप, जिथे अंग घुसेल तिथे. उभ्याने चालत जाणाऱ्याला तो दिसत नाही, आणि तो हाकेला ओ देण्याच्या स्थितीतही नसतो. म्हणून सुरुवात जर्किनपासूनच करा. आधी भोवतालचे शंभर मीटर, गुडघ्यावर बसून, टॉर्च घेऊन, भर दिवसासुद्धा. मग उताराच्या बाजूने आणि जनावरांच्या वाटांनी, कारण तीन वर्षांत जनावरं आणि पाणी सगळं पांगवतात. हाडांपेक्षा चेन, बक्कल, बुटाचा तळवा लवकर नजरेस पडतो.

पालथा घातलेला भाग सोडू नका. हे गणित दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पाणबुड्या शोधण्यासाठी मांडलं गेलं. समजा, एका फेरीत दिसण्याची शक्यता ६० टक्के आहे. तेवढ्याच काळजीने दुसरी फेरी मारली तर एकूण ८४ टक्के होते, १०० नाही. दाट झाडीत पहिला आकडाच फार कमी असतो. अधिकाऱ्यांकडे प्रत्येक तुकडीच्या जीपीएसच्या नोंदी मागा. नकाशावर रंगवलेला पट्टा आणि माणसं खरोखर चालली ती रेघ यांत खूप अंतर असतं.

प्रतिसाद :

वरच्यांशी सहमत. धीर सोडू नका. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात जून २०१०मध्ये हरवलेल्या बिल युआस्को यांचे अवशेष फेब्रुवारी २०२२मध्ये मिळाले. मधल्या काळात स्वयंसेवक पुन्हा पुन्हा जात राहिले होते. मावशींना हे फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मावशीकडे गेलो. जर्किनचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे शेवटी त्याला थंडी वाजत नव्हती." मी हो म्हणालो. चुकलं नाही ना माझं?

घरी येऊन जर्किन मिळालेल्या जागेचा फोटो उघडला. तीन वर्षं तो माझ्या फोनमध्ये आहे, पण मी त्यात फक्त जर्किनच बघत आलो. मागे, डाव्या कोपऱ्यात, एक जाडजूड झाड आडवं पडलेलं आहे. त्याच्याखाली अंधार आहे, नेचे वाढलेत. त्याच्याखाली वाकून कुणी पाहिलं होतं का, याची माझ्याकडच्या कागदांत नोंद नाही.

उन्हाळ्यापर्यंत थांबवणार नाही. सोमवारी अधिकाऱ्यांना भेटतोय. जीपीएसच्या नोंदी आणि या झाडाबद्दल विचारेनच, आणखी काय विचारू?